शीळ ते आंबिवली, छपराच्या गाडीतून

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात मी दरवर्षी एक प्रवासवर्णन लिहितो. केदारनाथ झालं, अंदमान झालं, मुलाकडे सिंगापूरला गेलो होतो त्याचं दोन भागांत झालं. यंदा आंबिवलीचं लिहितोय म्हटल्यावर अंक काढणारे शेजारी म्हणाले, "अहो, डोंबिवलीच्या लोकांना आंबिवलीचं काय सांगणार तुम्ही?" त्यांचं चुकत नाही. तासाभराचा रस्ता आहे. मला दोन दिवस लागले, कारण मी बैलगाडीतून गेलो. मौज म्हणून निघालो होतो. परत आलो तेव्हा मौज उरली नव्हती. तरीही लिहितो आहे, कारण न लिहिणं हे आणखी एक लपवणं होईल.

गाडी हिराजीनानांची. नाना माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आता अठ्ठ्याहत्तरचे. शीळफाट्याजवळ त्यांचं गाव आहे. वडील मिठागरावर काम करायचे, पावसाळ्यात भातशेती. आता त्या शेतांवर इमारती आहेत आणि नानांचा तीन मजली बंगला आहे. मुलांचे पाण्याचे टँकर चालतात. बंगल्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये मात्र ती जुनी गाडी त्यांनी जपून ठेवली होती. दोन मोठी लाकडी चाकं, त्यांवर लोखंडी धाव, आणि वरती बांबूच्या कांबी कमानीसारख्या वाकवून त्यांवर चटई बांधलेलं छप्पर. मीठ दवानं भिजू नये म्हणून हे छप्पर. मीठ उतरलं की त्याच छपराखाली माणसं बसायची.

माझी नि नानांची ओळख कागदांमुळे. ठाण्यात एका वकिलांकडे मी चौतीस वर्षं कारकून होतो. शीळफाट्याकडच्या गावांतले वाटणीचे, विक्रीचे, बक्षीसपत्राचे कागद मी लिहायचो. निवृत्त झाल्यावरही नाना सणासुदीला फोन करायचे. या माघात त्यांचा फोन आला.

"सदाभाऊ, गारी जोडतंय. आंबिवलीच्या पुढं धुरपाच्या गावाला जायचाय. तू परवासाचं लिवतोस ना? चल."

नाना गाडीला गारी म्हणतात. धुरपा म्हणजे त्यांची धाकटी बहीण, एवढं मला आठवलं. त्यापलीकडे काही आठवलं नाही, हे इथेच सांगून टाकलं पाहिजे.

पहिला दिवस : शीळफाटा ते मानपाडा

सकाळी सहाला पोचलो. बैल मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याकडून आणले होते, दोन्ही पांढरे, शांत, वयानं उतरलेले. नानांचा मुलगा विलास अंगणात उभा होता आणि वैतागला होता.

"काका, तुम्ही तरी सांगा ना बाबांना. टेम्पोत गाडी टाकतो, बैल टाकतो, तासाभरात सोडून येतो. त्या रोडवर कंटेनर चालतात."

"टेम्पोनं मना एकट्याला पन जाता येतं," नाना म्हणाले. "तसं जायचाच नाय."

विलासच्या बायकोनं डबे बांधून दिले. तांदळाच्या भाकऱ्या, वालाची भाजी, आणि नानांसाठी सुकट वेगळ्या डब्यात, कारण मी खात नाही हे तिला माहीत होतं. नानांनी गाडीत खडेमिठाची एक गोणी चढवली. पेंढा अंथरला, त्यावर गादी, गादीवर धुतलेली चादर. मला वाटलं, माझ्यासाठी. मी बसायला गेलो तर नाना म्हणाले, "पुढं बस माझ्याजवल. ती जागा तुझी नाय."

शीळ रस्त्यावर बैलगाडीतून जाणं कसं असतं ते सांगतो. काँक्रीटवर लोखंडी धाव असा खडखडाट करते की शेजारच्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं. मोटारीतून दिसत नाही ते सगळं दिसतं. मेट्रोच्या खांबांखाली मुलांना झोळीत घालून काम करणाऱ्या बायका दिसतात. इमारतींच्या जाहिरातींमागे भाताच्या शेताचे उरलेले चौकोन दिसतात, बांधांसकट. उन्हं वर आली की छपराखाली जरा मागे सरकायचं. तिथे पेंढ्याचा आणि वंगणाचा वास, गार सावली, आणि कमानीतून पुढे दिसणारा रस्त्याचा गोल तुकडा. बाहेर हॉर्न वाजत असतात, पण ते दुसऱ्याच कुणासाठी वाजताहेत असं वाटतं.

मोटारसायकलवाले थांबून मोबाइलवर चित्रण करत होते. बसथांब्यावर ऑफिसची बॅग घेतलेल्या एका मुलीनं विचारलं, "काका, शूटिंग आहे का कसलं?" काटई नाक्यावर वाहतूक पोलिसानं हात दाखवला.

"बाबा, ही गाडी इथे कुठे घेऊन आलात?"

"ही हितंच व्हती," नाना म्हणाले. "तुमी मागनं आलांव."

 पोलिसानं चारी बाजूंची वाहनं थांबवली आणि आमची गाडी पलीकडे जाईपर्यंत रस्त्यात उभा राहिला. नाक्यावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

नाना मिठाच्या दिवसांबद्दल सांगत होते. आठ-दहा गाड्या एकामागे एक निघायच्या, कल्याणच्या बाजारात आणि तिथून पुढे गावोगाव. पुढचा गाडीवान जागा, बाकीचे छपराखाली झोपलेले, बैलांना वाट पाठ. येताना गाडीत पेंढा नाहीतर लाकडं. "आन दिवालीच्या आधीची एक खेप पेंढ्याची नाय," ते म्हणाले. "ती धुरपाची. सासरहून तिला या छपराखाली बसवून आनायचो. पयलं पोर झालं तवा तिला माघारी सोराया गेलो, तर रडून रडून तिनं बैलांना पन चालू दिलं नाय." मी ते वहीत टिपून घेतलं. चांगलं वाक्य मिळालं म्हणून मला आनंद झाला होता.

मानपाड्याच्या अलीकडे उजव्या बैलाचा पाय काँक्रीटवर घसरला. तो गुडघ्यावर पडला, उठला, पण पायाची पत्री निघून आली. नखाखाली लोखंड नसेल तर या रस्त्यावर बैल अर्धा तासही चालत नाही. पत्री मारणारा माणूस आता मानपाड्यात कुठे मिळणार? पण मिळाला. एका चहावाल्यानं आम्हाला शर्यतीचे बैल पाळणाऱ्या एका माणसाच्या गोठ्यावर पाठवलं. चाळिशीतला, गळ्यात जाड साखळी घातलेला माणूस. नानांची गाडी बघून तो चप्पल काढून चाकाला हात लावायला आला. म्हणाला, "आजोबांकडे होती अशी. मी चार वर्षांचा असताना विकली." त्यानं पत्री मारणाऱ्याला फोन करून बोलावलं आणि रात्री तिथेच राहायला सांगितलं.

त्या गोठ्यात बैलांसाठी पंखे होते आणि मच्छरदाणीही होती. त्यांना दूध, अंडी, उडीद असा खुराक मिळतो. वर्षातून काही वेळा मिनिटभर पळायचं, एवढंच त्यांचं काम. आमचे मुरबाडचे दोन म्हातारे त्यांच्या शेजारी कडबा खात उभे राहिले. मला गंमत वाटली आणि मी तीही टिपून घेतली.

भाकरी खाताना मी नानांना म्हटलं, "लेख मस्त होणार बघा तुमच्यामुळे."

नानांनी डबा बाजूला ठेवला. "सदाभाऊ, तुना मी लिवाया नाय आनलाय. धुरपाचा कागद तू लिवलास. आठवतंय का?"

"कसला कागद?"

"हक्कसोड."

तेव्हा आठवलं. म्हणजे कागद आठवला, माणूस नाही. वडिलांच्या जमिनीत बहिणीचा वाटा असतो. जमिनींना भाव आला तेव्हा आमच्या भागात घरोघरी बहिणींकडून हक्कसोडपत्रं लिहून घेतली गेली. बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं, असं सगळे म्हणायचे. वाटा सोडला की काय होतं, ते कोणी बोलत नसे. मी असे कितीतरी कागद लिहिले. माझ्यासाठी तो मजकूर ठरलेला होता. नाव, गाव आणि गट नंबर तेवढा बदलायचा.

"कागद झाल्यावर जमीन इकली," नाना सांगत होते. "बंगला बांधला. वास्तुशांतीला ती आली. घरात इतकी मानसं की तिला कोनी बस पन बोल्ला नाय. मी बघितलां, पन बिल्डरची मानसं आलेली, त्यांच्यात व्हतो. संध्याकाळी ती रिक्षानं निघून गेली. त्याच्यानंतर आली नाय. मी पन गेलो नाय. काय तोंडानं जाऊ? वीस वर्षां झाली."

"आणि आता?"

"आता आनाया चाललोय. जशी आनायचो तशी. उरलेल्यातला एक तुकडा हाय, तो तिच्या नावावर करायचाय. तो कागद पन तूच लिव. पन मी एकटा तिच्यासमोर उभा नाय राहू शकत."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग मी वही बंद करून पिशवीत टाकली. पुढचं सगळं आठवणीतून लिहितो आहे.

दुसरा दिवस : मानपाडा ते काळू नदीकाठ

उजाडताच निघालो. टाटा पॉवरच्या नाक्यापर्यंत रस्ता मोकळा होता. पत्रीपुलाच्या चढावर बैल थांबले. मागे रिक्षांची रांग लागली. शिव्याही मिळाल्या. शेवटी दोन भाजीवाले टोपल्या खाली ठेवून आले, एका रिक्षावाल्यानंही मागून खांदा लावला, आणि गाडी पुलावर चढली. पलीकडे उतारावर नानांनी उतरून चाकाला ओंडका धरला आणि स्वतः पायी चालले. अठ्ठ्याहत्तरचा माणूस, पण पाय घसरला नाही.

कल्याणात एका जागी त्यांनी गाडी उभी केली. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत. "हितं मिठाच्या गाऱ्या सोरायचो," एवढंच म्हणाले. चहा प्यायलो. नेहमी मी अशा ठिकाणी चौकशा करतो, जुनं काय होतं, कुठे होतं. त्या दिवशी मी काही विचारलं नाही. मी तो कागद आठवायचा प्रयत्न करत होतो.

शहाड ओलांडल्यावर गर्दी कमी झाली. आंबिवलीत दुपार झाली. स्टेशनाच्या पुढे बंद पडलेल्या कारखान्याची लांबच लांब भिंत आहे, तिच्या कडेनं गेलो. नंतर डांबरी रस्ता, मग मातीचा. मातीवर आल्याबरोबर चाकांचा आवाज बदलला, मऊ झाला. बैलांनी स्वतःहून पाय उचलले. दोन्हीकडे वालाचे मळे, मध्ये मध्ये वीटभट्ट्यांचा धूर.  एकदा नानांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

धुरपाबाईंचं घर काळू नदीकाठच्या त्या गावाच्या कडेला आहे. स्लॅबचं घर, पुढे पडवी. गाडी अजून वळणावर होती तेव्हाच एक म्हातारी बाई सुपातला वाल टाकून अंगणात येऊन उभी राहिली. हिरवं नऊवारी, गुडघ्यापर्यंत कसलेलं. आवाजावरूनच तिला कळलं असावं.

ती आधी बैलांकडे गेली. दोघांच्या कपाळावरून हात फिरवला, घरातून पाणी आणून पाजलं. मग छपराच्या बांबूला हात लावला. मग भावाकडे बघितलं.

"बारीक झालास दादा."

"तू पन."

"चल. हातपाय धू."

एवढंच. वीस वर्षांनी भेटलेले बहीणभाऊ हेच बोलले. तिनं आम्हाला जेवायला वाढलं. गरम तांदळाची भाकरी, शेवग्याच्या शेंगा, वर चमचाभर तूप. नवरा गेल्याचं तिनं जेवताना सांगितलं. नानांना ते ठाऊक होतं, तेव्हाही ते आले नव्हते. मुलगा भिवंडीला गोदामात नोकरीला आहे, रात्री उशिरा येतो. नानांनी मिठाची गोणी उचलून पडवीत ठेवली. तिनं त्यातला एक खडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आता पिशवीतलां बारीक मीठ आनते पोर. लोनच्याला चव नाय त्याची."

मला वाटलं, सगळं नीट होतंय. नानांनाही वाटलं असावं. ते म्हणाले, "धुरपे, तुना न्यायाला आलोय. गादी घातलीय. चार दिस राहा. आन ह्यो सदाभाऊ, वकिलाकरचा. ह्याला कागद लिवाया सांगितलाय. तुझ्या नावावर..."

ती माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच नीट बघितलं तिनं.

"तुमी तेच ना? कागद वाचून दाखवलेलात ते?"

"हो."

"मी तुमाला इचारलेलं. मी बोल्ले, भाऊ, ह्याच्यानं काय तुटत तर नाय ना? तुमी बोल्लात, नाही हो ताई, नुसतं सहीचं काम आहे."

मला ते आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं. तसंच, त्याच शब्दांत मी सगळ्यांना सांगत असे. बाहेर माणसं ताटकळलेली असत, साहेबांना कोर्टात जायचं असे, आणि या एका वाक्यानं काम पटकन व्हायचं.

"ती माझी पयली सही," ती म्हणाली. "गावात रात्रीच्या वर्गाला जाऊन शिकलेली. घरनं पाटीवर काढून काढून आले व्हते. तुमी बोल्लात, वा, अक्षर छान आहे. मना इतकं बरां वाटलं. रिक्षात बसून ह्यांना सांगितलं, वकिलाकरचे भाऊ माझ्या अक्षराला छान बोल्ले." ती थांबली. "मंग पोरानं तो कागद वाचला. त्या दिसापास्नं मी सही केली नाय. बँकेत अंगठा देते. बाई बोलते, आजी, तुम्हाला तर सही येते. मी बोलते, येत नाय."

नाना खाली बघत होते. मी म्हणालो, "ताई, चुकलं माझं. तेव्हा नीट समजावून सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तरी मी सही केली असती," ती शांतपणे म्हणाली. "भावाला कोन नाय बोलतं? पन मंग ती जमीन मी दिली असती. तुमी मना देऊ पन दिली नाय."

  ती उठली, आमची ताटं उचलून घासायला घेऊन गेली. मी मदत करायला उठलो तर म्हणाली, "बसा. पाहुने हाव."

ती परत आल्यावर नाना म्हणाले, "गारीत बस, धुरपे. गावच्या वेशीपर्यंत तरी."

"नाय दादा."

"राग हाय?"

"राग व्हता. आता वय झालां. पन गारीत बसून आले की लोक बोलतील, भावानं आनली. मना तसं नको. मी येईन. माझी मी येईन, रिक्षानं. जेवेन, तुझ्या सुनंला बघेन, आन संध्याकाळी माघारी येईन."

"आन तुकडा?"

"तो पोराला इचार. तो घेईल, त्याला पोरां हायत. पन मी कुठं सही करनार नाय. अंगठा पन नाय. तुना काय करायचां ते तू एकट्यानं कर."

निघताना तिनं बैलांना पेंढा घातला आणि नानांच्या हातात वालाची पिशवी दिली. नाना गाडीवर चढले. पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली, मागे छपराखाली नाही. ती वळणापर्यंत गाडीबरोबर चालत आली, एक हात बैलाच्या पाठीवर ठेवून. मग थांबली.

आंबिवलीच्या फाटकापाशी नाना म्हणाले, "सदाभाऊ, तू जा घरी. मी विलासला टेम्पो आनाया सांगतो." मी थांबतो म्हटलं. ते म्हणाले, "नको. मना जरा एकटां बसूंदे." मी स्टेशनचा जिना चढताना वळून बघितलं. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, बैल सोडलेले, आणि नाना जुवाशेजारी जमिनीवर बसले होते.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी नानांना, त्यांच्या मुलांना आणि भाच्याला एकत्र बसवून तो तुकडा भाच्याच्या नावावर करायच्या बक्षीसपत्राचा मसुदा लिहिला. मी तो तीनदा वाचून दाखवला. प्रत्येक कलमाला थांबून अर्थ सांगितला. विलास मध्येच म्हणाला, "काका, कळलं ओ आम्हाला, पुढे वाचा." मी पुढे वाचलं नाही, परत पहिल्यापासून सुरू केलं. धुरपाबाई तिथे नव्हत्या. त्या नानांच्या घरी अजून आलेल्या नाहीत. येईन म्हणाल्या आहेत, तेव्हा येतील.

घरी मी आठवायला बसतो. चौतीस वर्षांत त्या टेबलासमोर किती बहिणी आल्या असतील. काहींच्या हिरव्या बांगड्या आठवतात. अंगठ्याची शाई पुसायला मी रद्दी कागदाचे चौकोनी तुकडे कापून ठेवत असे, ते आठवतात. एक बाई लेकराला अंगावर पाजत होती आणि तिनं डाव्या हातानं अंगठा दिला होता. चेहरा मात्र एकीचाही आठवत नाही. धुरपाबाईंचाही आठवत नव्हता. तो बघायला मला दोन दिवस बैलगाडीत बसावं लागलं.